हँडलवर काय लावायचं? नोंद हवी की वाट, ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, घर वारज्याला, सायकल हायब्रिड, टायर ७०० बाय ३८. रविवारी खडकवासला, पानशेत, कधी सिंहगडाचा पायथा, असं ४०-६० किलोमीटर होतं. दिवाळीनंतर चौघे मित्र ताम्हिणीतून उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जाणार आहेत. फोनवर स्ट्रावा हे राइड नोंदवणारं ॲप चालू असतं, ते पुरेल का? की जीपीएस घ्यावं? बजेट पंधरा हजार. ग्रुपमधले म्हणतात, घ्यायचं तर गार्मिन कंपनीचंच. शिवाय एक मित्र त्याचं पाच-सहा वर्षं वापरलेलं गार्मिन विकतोय, ते घ्यावं का?

रविवारच्या राइडसाठी तुम्हाला काहीही विकत घ्यायची गरज नाही. गोव्यासाठी आहे. पण गार्मिनच हवं असं मुळीच नाही.

हँडलवरच्या त्या छोट्या डबीकडून आपण दोन वेगळी कामं मागतो. एक नोंदीचं. किती किलोमीटर झाले, वेग किती, चढ किती चढलो. दुसरं वाटेचं. पुढच्या तिठ्यावर डावीकडे की सरळ, मुक्काम अजून किती लांब, हा चढ संपणार कधी. दुकानात दोन्ही कामं एकाच खोक्यात मिळतात, म्हणून लोक नोंदीसाठी वाटेचे पैसे मोजतात. खडकवासल्याचा रस्ता तुम्हाला पाठ आहे. तिथे चाळीस हजारांचं यंत्रही तुम्हाला फक्त वेगच सांगणार.

नोंदीला फोन पुरतो. स्क्रीन बंद करून जर्सीच्या मागच्या खिशात टाकला तर चार-पाच तासांची राइड बहुतेक फोन आरामात नोंदवतात. अडचण येते ती वेगळीच. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स गुपचूप बंद करतात. मग घरी येऊन बघावं तर तुम्ही पानशेतहून खडकवासल्यापर्यंत सरळ रेषेत, धरणाच्या पाण्यावरून आलेले असता. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीखाली ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा, बहुतेक वेळा हा त्रास थांबतो.

चालवताना वेग आणि अंतर समोर दिसायला हवं असेल, तर चुंबकवाला साधा कॉम्प्युटर घ्या. चाकाच्या आऱ्याला चुंबक, फोर्कला सेन्सर, हँडलवर डबी. कॅटआय, सिग्मा वगैरेंचे मिळतात, दोन-तीन हजारांत काम होतं. नाण्याएवढ्या सेलवर महिनोन्महिने चालतो, बोगद्यात चालतो, झाडीत चालतो, कारण त्याचा उपग्रहाशी संबंधच नाही. तो फक्त चाकाचे फेरे मोजतो. म्हणूनच त्यात चाकाचा घेर नीट भरावा लागतो. तुमच्या ७०० बाय ३८ च्या टायरचा घेर साधारण २१८० मिलिमीटर. दुकानदाराने सवयीने ७०० बाय २५ चा २१०५ भरून दिला, तर ६० किलोमीटरची राइड ५८ च्या आत दिसेल. खात्री करायची तर टायरला खडूची खूण करा, नेहमीइतकी हवा भरून सायकलवर बसा, जमिनीवर एक पूर्ण फेरा पुढे न्या आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा.

आता गोवा. इथे फोन हँडलवर लावून नकाशा उघडा ठेवला की काय काय होतं ते बघा. स्क्रीन पूर्ण उजेडात सतत चालू, त्यामुळे दुपारच्या आत बॅटरी संपायला येते. उन्हात फोन तापतो. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा, असं ॲपलच सांगतं. नोव्हेंबरातल्या कोकणात दुपारी हवाच त्या आसपास असते आणि वर थेट ऊन. फोन आधी स्क्रीन मंद करतो, म्हणजे नेमकं जेव्हा दिसायला हवं तेव्हा दिसत नाही. २०२१ मध्ये ॲपलने अशीही जाहीर सूचना दिली होती की मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं. सायकलला इंजिन नसतं, पण आपल्याकडे रंबलर असतात. आणि मुख्य म्हणजे चहाच्या टपरीपासून मुक्कामाच्या खोलीपर्यंत सगळे पैसे आता फोनमधून जातात. वाटेत पंक्चर झालं, कुणी पडलं, तर फोनच लागणार. तो वाट दाखवण्यात संपवायचा नाही.

म्हणजे या सहलीसाठी वाट दाखवणारं वेगळं यंत्र घ्या. त्यात काय बघायचं ते माझ्या क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी बटणं. टचस्क्रीन दुकानात छान वाटते. घामाचा थेंब पडला किंवा पावसाची सर आली की ती स्वतःच पानं उलटायला लागते. तुम्ही दिवाळीनंतर जाणार, पाऊस नसेल, पण ही वस्तू तुम्ही जुलैतही वापरणारच ना? बटणं असलेलं घ्या, नाहीतर दोन्ही असलेलं. पाण्याचं मानांकन आयपीएक्स७ असावं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. पण सायकल धुताना त्यावर प्रेशरचा फवारा मारला तर चालेल, असा त्याचा अर्थ नाही. ते काढून ठेवा.

मग बॅटरी. खोक्यावरचा आकडा स्क्रीनचा उजेड कमी, सेन्सर एकही जोडलेला नाही, अशा आदर्श स्थितीतला असतो. त्याच्या दोन तृतीयांश धरा. खोक्यावर २० तास असतील तर दिवसभर चालवून संध्याकाळी चार्ज करता येईल. पुढेमागे दोनशेची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची २०० किलोमीटरची राइड, करायचा विचार असेल, तर तिची मुदत साडेतेरा तास आहे, तिला हे किंचित कमी पडतं. चार्जिंगचं भोक टाइप-सी असलेलं बघा, म्हणजे फोनचीच वायर चालते. आणि कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत दिवसभर चालवल्यावर रबरी झाकण उघडून आतला घाम पुसल्याशिवाय वायर खुपसू नका.

तिसरा बॅरोमीटर. याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही आणि चढाच्या शिखरावर सगळे याच्यावरच भांडतात. पसरणीचा घाट चढून पाचगणीला चहाला थांबलं की चौघांच्या चार डब्यांवर चढाचे चार आकडे असतात. कारण साधं आहे. उपग्रह फक्त डोक्यावर असतात, पायाखाली नसतात. त्यामुळे जीपीएसला आडवी जागा जितकी नेमकी कळते तितकी उंची कळत नाही. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो. आपल्या भागात साधारण ८-९ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. सायकलच्या चढासाठी हा जास्त भरवशाचा.

पण त्याचेही नखरे आहेत. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो नि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त, दुपारी चारच्या सुमारास सगळ्यात कमी. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. म्हणून सकाळी नऊ-दहाला घरून निघून चारला परत आलात, की तुमचं घर पंचवीस-तीस मीटर उंच झालेलं दिसेल. यंत्र बिघडलेलं नाही. दुसरा नखरा पावसातला. बॅरोमीटरचं बारीक भोक बहुतेक डबीच्या पाठीला असतं. त्यात पाण्याचा थेंब अडकला की सिंहगड चढताना उंचीचा आकडा बराच वेळ जागचा हलत नाही आणि थेंब सुटला की एकदम उडी मारतो. पालथी करून फुंकर मारा. सुई, टाचणी आत घालू नका.

बॅरोमीटरचा खरा उपयोग आकड्याच्या फुशारकीला नाही, चढ किती उरला ते कळायला आहे. रूट आधी भरलेला असेल तर बऱ्याच यंत्रांत पुढच्या चढाचा आलेख दिसतो. किती लांबी उरली, किती उंची उरली, पुढचा टप्पा किती तीव्र. किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल असं समजून लोक निघतात. तसा तो नाही. प्रत्येक खाडीला खाली, मग पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर. दिवसाला हजार मीटर चढ सहज होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी, गुडघे बोलायला लागल्यावर, ‘हा चढ अजून ६०० मीटर आहे’ एवढं कळलं तरी गिअर टाकायचा धीर राहतो. माझ्या मते सहलीला जाणाऱ्यासाठी या यंत्रातलं सगळ्यात कामाचं पान हेच.

नकाशा हवा का? रंगीत नकाशा आणि नुसती रेघ, असे दोन प्रकार आहेत. स्वस्त यंत्रांत रिकाम्या पडद्यावर तुमच्या रूटची रेघ आणि तुम्ही म्हणजे एक बाण, एवढंच दिसतं. रेघेवरून उतरलात की ते ओरडतं. कोकणात, जिथे दहा-दहा किलोमीटर एकच रस्ता असतो, तिथे हे पुरतं. गावात शिरल्यावर तीन गल्ल्या फुटल्या की रेघवाल्याची पंचाईत होते, पण तिथे विचारायला माणसं असतात. बजेटमध्ये नकाशावालं बसत असेल तर घ्या, नाहीतर रेघेवर निभावतं.

आता खरी गोम. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत तुम्ही हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याला याल. तिथून बोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरायचं. पुढे दाभोळहून बोटीने धोपावे, मग तवसाळहून बोटीने जयगड. या तीन जेट्ट्यांवर जीपीएस हमखास गोंधळतं. आपोआप रूट बदलायची सोय चालू असेल, तर दाभोळच्या धक्क्यावर तिकिटाच्या रांगेत उभे असताना हँडलवरून सूचना येते की मागे वळा, आणि समोर खेड-चिपळूणवरून गुहागरचा वळसा आखलेला असतो. बोट दोनशे हात पुढे लागलेली असते. आणि बोटीत बसल्यावर सायकल दोरीने बांधलेली असली तरी नोंद चालूच राहते. यंत्राला वाटतं तुम्ही चालवताय. आपोआप थांबायची सोय इथे उपयोगाची नाही, कारण बोट हलतेय. उतरल्यावर स्ट्रावावर तुमचा सरासरी वेग बघून ग्रुपवाले काय म्हणतील ते म्हणोत.

उपाय सोपा आहे. रोजचा एक रूट करण्यापेक्षा तो जेट्टीपाशी तोडा. दुसऱ्या दिवसाचा पहिला तुकडा धक्क्यापर्यंत, दुसरा पलीकडच्या धक्क्यापासून. बोटीत चढताना नोंद हाताने थांबवा, उतरल्यावर पुढचा तुकडा लावा. आपोआप रूट बदलणं निघण्याआधीच बंद करून टाका. चुकलात तर रेघ दिसतेच, परत तिच्यावर या.

रूट घरी बसून मोठ्या स्क्रीनवर आखा. कोमूट, राइड विथ जीपीएस, स्ट्रावा, कशावरही. ही सगळी ॲप्स आणि बहुतेक यंत्रांमधले नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवरून येतात, आणि ते लोकांनीच भरलेले नकाशे आहेत. कोकणात काही ठिकाणी काजूच्या बागेतून उतरणारी लाल मातीची पायवाट त्यात रस्ता म्हणून नोंदलेली असते. ‘सायकल’ हा पर्याय निवडला की ॲप मोठा रस्ता टाळून नेमकं तिथे पाठवतं. आखलेली रेघ उपग्रहाच्या चित्रावर एकदा डोळ्याखालून घाला. जिथे डांबर दिसत नाही तिथे रेघ ओढून रस्त्यावर आणा. तासाभराचं काम आहे, पण सहलीतला अर्धा दिवस वाचवतं. रूट जीपीएक्स फाइल म्हणून उतरवलात तर बऱ्याचदा नुसती रेघ येते, ‘डावीकडे वळा’ अशा सूचना येत नाहीत. त्या हव्या असतील तर कंपनीच्या ॲपमधून रूट पाठवून बघा आणि एका रविवारी अनोळखी रस्त्यावर तपासा.

एक गैरसमज वारंवार ऐकतो. ताम्हिणीत नेटवर्क नाही, मग जीपीएस कसं चालणार? मोबाइलचं नेटवर्क आणि जीपीएस यांचा संबंध नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत बोलत असतात, यंत्र फक्त ऐकतं. नेटवर्क गेलं की जातो तो फोनमधला न उतरवलेला नकाशा. नेटवर्कचा फायदा सुरुवातीला होतो. उपग्रह आपली कक्षा सांगतो ती सेकंदाला अवघ्या ५० बिट्सच्या गतीने, आणि ही माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. फोनशी जोडलेलं यंत्र ती आधीच इंटरनेटवरून घेऊन ठेवतं, म्हणून पटकन जागा पकडतं. जोडलेलं नसेल तर निघताना मोकळ्या आकाशाखाली मिनिट-दोन मिनिटं उभं राहा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बटण दाबून लगेच पॅडल मारलं की सुरुवातीचा तुकडा वाकडातिकडा येतो.

मल्टिबँड नावाच्या गोष्टीला जास्तीचे पैसे मागतात. दरीच्या कड्यांवरून, उंच इमारतींवरून लहरी परावर्तित होतात तेव्हा दोन वारंवारता ऐकणारं यंत्र कमी फसतं, हे खरं. पण ताम्हिणीत रेघ पाच-दहा मीटर सरकली म्हणून कुणी वाट चुकत नाही. तुम्हाला नको. पॅडलवरचा जोर मोजणारा पॉवर मीटर, तब्येत सुधारल्याचे गुण, किती तास विश्रांती घ्या असे सल्ले, हेही नको. कॅलरीच्या आकड्याकडे बघून मिसळ मागवू नका. हृदयाचे ठोके किंवा पॉवर मोजल्याशिवाय तो आकडा ढोबळ अंदाज असतो. पडल्यावर घरच्यांना आपोआप मेसेज पाठवणारी सोय चांगली आहे, पण खड्ड्यात चाक आपटून एकदम थांबलात तरी ती जागी होते. ठेवायची तर घरी तसं सांगून ठेवा. आणि लाइव्ह लोकेशनला फोनचं नेटवर्क लागतं. घाटात ते गेलं की घरच्या नकाशावर तुमचा ठिपका तासभर एकाच वळणावर थांबतो आणि इकडे फोनवर फोन सुरू होतात. निघताना सांगा, मुळशी सोडल्यावर माणगावपर्यंत काळजी करू नका.

ब्रँडबद्दल. गार्मिन, वाहू यांचा दर्जा चांगला आहे, वाद नाही. पण नकाशा आणि बॅरोमीटर असलेलं त्यांचं नवं मॉडेल तुमच्या बजेटच्या बरंच वर जातं. पंधरा हजारांत तैवानच्या ब्रायटनची किंवा चीनच्या आयजीपीस्पोर्टची रूट, बॅरोमीटर, बटणं असलेली यंत्रं बघा. मॉडेलं दरवर्षी बदलतात, म्हणून नाव पाठ करण्यापेक्षा खोक्यावरची यादी वाचा. रूट भरता येतो का, बॅरोमीटर आहे का, भारताचा नकाशा आत आहे का, सेन्सर बिनतारी जोडायला ब्लूटूथ आणि अँट प्लस दोन्ही आहेत का. दुसरा प्रश्न नक्की विचारा, कारण काही स्वस्त यंत्रं उंची फक्त उपग्रहावरून काढतात. भारतातल्या वॉरंटीचं बिल घ्या. परदेशातून कुणी आणून दिलेल्याची बॅटरी गेली की दुरुस्तीला पाठवायला जागा नसते. आणि फाइल वायरने थेट काढता येते का, तेही बघा. २०२० च्या जुलैत गार्मिनच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची सेवा काही दिवस बंद पडली होती. ज्यांना वायर लावून फाइल काढता येत होती त्यांचं काही अडलं नाही.

सोबत बारकी दोरी येते, ती हँडलला बांधाच. लोक ती खोक्यातच ठेवतात आणि मग उतारावर रंबलरवरून डबी उडते नि मागून ट्रक येतो. स्ट्रावावर घराभोवतीचा भाग लपवायची सोय आहे, तीही चालू करा. रोज एकाच फाटकातून निघणारी रेघ आणि सोबत सायकलचा फोटो, एवढं चोराला पुरतं.

राहिलं मित्राचं जुनं गार्मिन. बटणांचं असेल, बॅरोमीटर असेल, रूट घेत असेल, तर गोव्याला चालेल. पण पैसे देण्याआधी ते एक रविवार मागून घ्या. रात्री पूर्ण चार्ज करा, सकाळी रूट लावून पानशेतला जाऊन या आणि बॅटरी किती उरली ते बघा. चार-पाच तासांत निम्म्याच्या खाली आली असेल, तर सहलीला पॉवर बँक जोडूनच न्यावं लागेल, आणि आतली बॅटरी सहज बदलून मिळत नाही. बटणांवरचं रबर फाटलंय का आणि पाठीमागचे माउंटमध्ये अडकणारे दोन कान शाबूत आहेत का, ते नखाने चाचपून बघा. कान झिजले असतील तर डबी घट्ट बसणार नाही. रबर फाटलेलं असेल तर पाणी आत जाणार, मग किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. सगळं ठीक असेल तर व्यवहाराच्या वेळी मित्राला त्याच्या खात्यातून यंत्र काढायला सांगा. नाहीतर गोव्यापर्यंतच्या तुमच्या सगळ्या राइड त्याच्या नावावर जमा व्हायच्या.